हेलन केलर यांची तिसरी वाट

वास येईनासा झाला, जेवणाला चव लागेना, ही तक्रार कोविडच्या साथीत महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक वस्तीत ऐकू आली. ताप उतरला, खोकला थांबला, तरी काहींचे नाक कित्येक महिने बधिर राहिले. अशा माणसाला घरात फारशी सहानुभूती मिळत नाही. डोळे गेले किंवा कान गेले तर सगळे घर हादरते. वास गेला तर ‘त्यात काय एवढे’ म्हणून विषय मिटवला जातो. रुग्णालाही मग आपण उगाच बाऊ करतो आहोत असे वाटू लागते.

डोळे आणि कान दोन्ही नसलेल्या एका बाईंनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या ‘त्यात काय एवढे’चे उत्तर लिहून ठेवले आहे. पाचांपैकी तीनच इंद्रिये त्यांच्या वाट्याला आली होती : स्पर्श, वास आणि चव. त्यातलीही वास आणि चव एकदा काही दिवसांसाठी त्यांना सोडून गेली आणि पुढे परत आली. या बाई म्हणजे हेलन केलर. शाळेच्या पुस्तकात त्या पाण्याच्या पंपापाशी भेटतात. त्यांच्या नाकाची गोष्ट मात्र धड्यात सहसा येत नाही.

एकोणिसाव्या महिन्यातला ताप

अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यात टस्कंबिया नावाचे छोटे गाव आहे. तिथे २७ जून १८८० रोजी हेलनचा जन्म झाला. वडील आर्थर केलर हे यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्यात कप्तान होते आणि नंतर एका वृत्तपत्राचे संपादक झाले. आई केट ही त्यांची दुसरी पत्नी. पहिले दीड वर्ष हेलन इतर मुलांसारखीच वाढली. ती चालू लागली, चार शब्द बोलू लागली. पाण्याला ती ‘वा-वा’ म्हणायची.

फेब्रुवारी १८८२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या महिन्यात, तिला जोराचा ताप आला. पोटात आणि मेंदूत रक्त साचले आहे, असे निदान त्या काळच्या वैद्यकाने केले. मूल वाचेल अशी आशा डॉक्टरांनाही नव्हती. पण ताप जसा अचानक आला तसाच अचानक उतरला आणि घरात आनंद झाला. थोड्याच दिवसांत आईच्या लक्षात आले की जेवणाची घंटा वाजली तरी मूल वळून पाहत नाही आणि डोळ्यांपुढे हात हलवला तरी पापणी लवत नाही.

तो आजार कोणता, याचा विचार पुढे अनेक डॉक्टरांनी केला. स्कार्लेट फीव्हरचे नाव बराच काळ घेतले गेले. आजच्या तज्ज्ञांचा कल जिवाणूंमुळे होणाऱ्या मेनिंजायटिसकडे, म्हणजे मेंदूच्या आवरणांच्या दाहाकडे आहे. या दाहाचे लोण आतल्या कानापर्यंत पोहोचते. तिथे ध्वनी टिपणाऱ्या केसासारख्या पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचेही तसेच आहे. तिचे तंतू एकदा नष्ट झाले की ते परत वाढून मेंदूपर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून हेलनच्या या दोन वाटा कायमच्या बंद झाल्या. त्या काळी प्रतिजैविके नव्हती, लसही नव्हती. आज बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला मिळणाऱ्या पेंटाव्हॅलंट लशीत अशा मेनिंजायटिसच्या एका मोठ्या कारणाविरुद्ध, म्हणजे हिब या जिवाणूविरुद्ध, संरक्षण असते.

नाक मात्र या तापातून सुखरूप सुटले. घराभोवतीच्या बागेत कातरलेल्या झुडपांचे दाट कुंपण होते. आंधळी, बहिरी, मुकी हेलन त्या कुंपणाला हात लावत लावत चालायची आणि मोसमातली पहिली फुले वासावरून शोधून काढायची. शब्द नव्हते तेव्हाही तिच्याजवळ वासांचा एक नकाशा होता. घरच्या माणसांशी बोलायला तिने हाताच्या साठेक खुणा स्वतःच तयार केल्या होत्या. त्या अपुऱ्या पडल्या की ती संतापाने लाथा झाडायची, वस्तू फेकायची. नातेवाईकांपैकी काहींना तर ती वेडीच वाटायची.

लॉरा नावाची दुसरी मुलगी

केट केलर यांनी इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांचे अमेरिकेच्या प्रवासाचे पुस्तक वाचले होते. त्यात बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेतल्या लॉरा ब्रिजमन या मुलीची हकिकत होती. लॉराचा जन्म १८२९ चा. दोन वर्षांची असताना तिला स्कार्लेट फीव्हर झाला. त्याच आजारात तिची भावंडे दगावली. लॉरा जगली, पण तिची दृष्टी आणि श्रवण तर गेलेच, वासही जवळजवळ पूर्ण गेला आणि चव बोथट झाली. तिच्यासाठी उरला तो फक्त स्पर्श. डॉ. सॅम्युएल हाऊ यांनी तिला बोटांच्या खुणांनी भाषा शिकवली आणि ती जगभर प्रसिद्ध झाली.

एका बहिऱ्या-आंधळ्या मुलीला भाषा शिकवता आली होती, एवढ्या एका धाग्यावर केट यांनी आशा बांधली. १८८६ मध्ये आर्थर केलर हेलनला घेऊन बाल्टिमोरच्या नामांकित नेत्रतज्ज्ञाकडे गेले. डोळ्यांसाठी काही करता येणार नाही, असे त्याने सांगितले आणि टेलिफोनचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना भेटायला सुचवले. बेल बहिऱ्यांच्या शिक्षणात गढलेले होते. त्यांनी पर्किन्सला पत्र लिहायला सांगितले. पर्किन्सहून ॲन सलिव्हन ही तरुण शिक्षिका निघाली. ती ३ मार्च १८८७ रोजी टस्कंबियाला पोहोचली तेव्हा जेमतेम वीस वर्षांची होती. लहानपणी खुपऱ्यांच्या आजाराने तिचीही दृष्टी अधू झाली होती. तिच्या सामानात हेलनसाठी एक बाहुली होती. पर्किन्सच्या अंध मुलींनी ती पाठवली होती आणि तिचे कपडे लॉरा ब्रिजमनने शिवले होते.

त्यानंतर महिनाभराने, ५ एप्रिलला, ती सुप्रसिद्ध घटना घडली. पंपाचे पाणी एका हातावर पडत असताना दुसऱ्या हातावर सलिव्हनबाईंनी पाण्याची अक्षरे बोटांनी लिहिली आणि प्रत्येक वस्तूला नाव असते हे हेलनला उमगले. हा प्रसंग नाटकांत आणि सिनेमांत हजारदा आला आहे. त्यातला एक तपशील सहसा निसटतो. त्या दिवशी पंपाकडे जाणारी वाट हेलनने पुढे लिहून ठेवली, ती हनीसकलच्या वेलीच्या सुवासाने. पंपाच्या छपरावर तो वेल चढलेला होता. भाषा सापडली त्या क्षणाची तिची आठवण वासाला बांधलेली राहिली.

यात नवल नाही. डोळ्यांचे आणि कानांचे निरोप मेंदूच्या मधल्या एका केंद्रातून, थॅलॅमसमधून, पुढे जातात. वासाचा निरोप तिथे न थांबता थेट भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत पोहोचतो. पहिल्या वळवाच्या मातीचा वास आला की आजोळचे अंगण उभे राहते, ते यामुळेच.

झाडावर सापडलेली मुलगी

सलिव्हनबाई आल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट. दोघी लांब फिरून परतत होत्या. ऊन चढले होते. घराजवळच्या रानचेरीच्या झाडावर बाईंनी हेलनला चढवले आणि सावलीत तिथेच जेवू या, असे ठरवून त्या घरातून डबा आणायला गेल्या. हेलन फांदीवर एकटी बसली होती. एकाएकी हवेतली ऊब गेली आणि जमिनीतून एक वास वर आला. तो वास तिच्या ओळखीचा होता. वादळ येण्याआधी तो येतो हे तिला माहीत होते. आभाळ काळवंडलेले तिला दिसत नव्हते, गडगडाट ऐकू येत नव्हता. वाऱ्याने फांद्या झोडपायला सुरुवात करण्याआधी जो इशारा मिळाला तो नाकाने दिला. ती भीतीने फांदीला घट्ट धरून राहिली. बाईंचा हात लागला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

वादळाच्या पुढे धावणारा वारा दूरच्या ओल्या मातीचा वास घेऊन येतो. मातीतले सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात आणि ते अत्यल्प असले तरी माणसाच्या नाकाला कळते. हेलनला ही रसायने ठाऊक नव्हती. तिला ठाऊक होते ते एवढेच की स्पर्श हाताच्या टप्प्यापर्यंतच पोहोचतो आणि त्यापलीकडचे जग तिला सांगणारे एकच इंद्रिय आहे.

त्या दिवसानंतर झाडावर चढण्याच्या कल्पनेनेही तिला धडकी भरायची. ही भीती पुष्कळ दिवसांनी गेली, तीही वासाने. वसंतातल्या एका सकाळी ती बागेत एकटीच वाचत बसली होती. मिमोसाच्या फुलांचा दरवळ आला. ती वासाच्या मागोमाग हात चाचपत झाडापर्यंत गेली आणि वर चढून बसली.

१८८८ मध्ये हेलन पर्किन्स शाळेत गेली. तिथे तिची लॉरा ब्रिजमनशी गाठ पडली. लॉरा तेव्हा उतारवयाकडे झुकलेली होती. पुढच्याच वर्षी ती वारली. दोघींची तुलना लोक नेहमी करत आले आहेत. बुद्धी, शिक्षक, काळ असे पुष्कळ फरक त्यात होते. पण लॉराच्या जगात बागेतून येणारा वास नव्हता आणि ताटातल्या वाफेचाही नव्हता, हा फरक वैद्यकाच्या नजरेने लहान नाही.

वास आणि चव गेली ते दिवस

१९०४ मध्ये रॅडक्लिफ कॉलेजातून हेलन केलर बी. ए. झाल्या. ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या बहिऱ्या-आंधळ्या व्यक्ती. त्याआधी, १९०३ मध्ये, त्यांचे आत्मचरित्र निघाले होते. १९०८ मध्ये त्यांचे आणखी एक पुस्तक आले. न पाहता, न ऐकता आपण जगात कसे वावरतो, हे त्यात त्यांनी सांगितले आहे. त्यातले एक संपूर्ण प्रकरण वासाला दिलेले आहे. माणसाने या इंद्रियाला फार खालच्या पायरीवर बसवले, ही त्यांची तक्रार होती.

जुन्या घरात शिरताच त्यांना तिथे राहून गेलेल्या पिढ्यांचे वास थराथराने कळत. कपड्यांना चिकटलेल्या वासावरून हा सुतार, हा लोहार, हा चित्रकार अशी माणसांची कामे त्या ओळखत. जवळून कोणी गेले तर ते स्वयंपाकघरातून आले, बागेतून आले की आजाऱ्याच्या खोलीतून, हे त्यांना उमजे. वाचणाऱ्याला वाटते की निसर्गाने एक घेतले आणि त्याबदल्यात दुसरे दिले. संशोधन तसे सांगत नाही. अंध माणसांचे नाक मुळातच अधिक तीक्ष्ण असते, याला ठोस आधार मिळालेला नाही. फरक पडतो तो सवयीने आणि लक्ष दिल्याने. डोळस माणूस वासाकडे लक्षच देत नाही, कारण त्याची गरज त्याला पडत नाही. हेलनबाई दिवसभर त्याच इंद्रियाचा अभ्यास करत होत्या.

त्याच पुस्तकात पुढे, निरनिराळ्या इंद्रियांचे मोल जोखताना, त्यांनी तो अनुभव नोंदवला आहे. एकदा काही दिवस त्यांना कशाचाच वास येत नव्हता आणि चवही लागत नव्हती. सुरुवातीला त्यांना नवल वाटले. श्वास आत जातो आणि त्याबरोबर काहीच येत नाही, ही गोष्ट त्यांना खरी वाटेना. नव्याने दृष्टी गेलेला माणूस आज ना उद्या उजेड दिसेल म्हणून वाट पाहत राहतो, तशीच काहीशी आपली स्थिती झाली होती, असे त्यांनी सांगितले. वास परत येईल याची त्यांना खात्री होती. तरीही नवलाई ओसरल्यावर त्यांना एकटेपणाने घेरले. ज्या लहान लहान सुखांवर दिवस जात होता ती फक्त आठवणीत उरली. पुढे वास परतला तेव्हा त्यांना अतिशय आनंद झाला.

डोळे आणि कान नसताना जिने पदवी मिळवली, पुस्तके लिहिली, तिला वास गेल्यावर एकटे वाटले. वास गेलेल्या रुग्णाला ‘त्यात काय एवढे’ म्हणण्याआधी एवढी एक साक्ष आठवली तरी पुरे. अशा रुग्णांची भूक मंदावते, वजन उतरते, काहींना उदासपणा येतो. कोणी चव लागत नाही म्हणून ताटात मीठ वाढवत जातो आणि रक्तदाब बिघडवून घेतो. कोणाला आपल्याच घामाचा, कपड्यांचा वास कळत नाही, म्हणून चारचौघांत जाणे नकोसे होते. आई झालेल्या बाईला बाळाच्या टाळूचा वास येत नाही, ही खंत ती कोणाजवळ बोलतही नाही.

गेलेला वास परत कसा येतो

चव गेली असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा वास गेलेला असतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढेच कळते. बाकी सगळा स्वाद घास चावताना घशामागून नाकात चढणाऱ्या वाफेतून येतो. नाक घट्ट दाबून पिकलेला आंबा खाल्ला तर तोंडात केवळ गोड-आंबट गर राहतो. बोटे सोडली की आंबा परत येतो.

नाकाच्या छतापाशी काही चौरस सेंटीमीटरचा एक पातळ पडदा असतो. त्यात वास टिपणाऱ्या लाखो चेतापेशी असतात. त्यांच्यावर सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक असतात. या ग्राहकांची जनुके १९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी शोधली. त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या चेतापेशींचे तंतू चाळणीसारख्या भोकांच्या एका हाडातून वर मेंदूत जातात. मेंदूशी जोडलेल्या चेतापेशी बाहेरच्या हवेला इतक्या उघड्या असतात, असे शरीरात दुसरीकडे आढळत नाही. त्यामुळे धूर, धूळ, विषाणू यांचा मारा त्यांनाच सोसावा लागतो.

निसर्गाने त्यासाठी सोयही केली आहे. या पडद्याच्या तळाशी मूळपेशी असतात. जुन्या चेतापेशी मेल्या की त्यांच्यातून नव्या घडतात, त्यांचे तंतू वाढत वाढत हाडाच्या भोकांतून मेंदूपर्यंत पोहोचतात. हेलनबाईंचे ते पुस्तक निघाले तेव्हा मोठ्या माणसाची चेतापेशी पुन्हा कधी जन्मत नाही, हेच वैद्यक शिकवत होते. नाकातल्या पेशी याला अपवाद आहेत, हे १९७० च्या दशकात स्पष्ट झाले. कान आणि डोळ्याची वाट एकदा मोडली की मोडली. नाकाच्या वाटेवर मात्र दुरुस्तीचे काम आयुष्यभर चालू असते.

साध्या सर्दीत नाक चोंदल्याने वास पडद्यापर्यंत पोहोचतच नाही. सूज उतरली की चार-आठ दिवसांत वास येतो. विषाणूने पडद्यालाच इजा केली तर वेळ लागतो. कोविडचा विषाणू मुख्यतः चेतापेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला करतो, कारण त्याला आत शिरायला लागणारे एसीई-२ हे प्रथिन त्यांच्यावर असते. आधार खचला की चेतापेशींचे काम थांबते. म्हणून पुष्कळांचा वास काही आठवड्यांत परतला. ज्यांच्या पडद्याची हानी अधिक झाली त्यांना महिने लागले, आणि काहींचा वास पूर्वीसारखा अजूनही झालेला नाही.

परतीच्या वाटेवर एक विचित्र टप्पा येतो. कॉफी जळक्या रबरासारखी, परतलेला कांदा सडल्यासारखा वाटू लागतो. नवे तंतू मेंदूतल्या आपल्या जागी नीट बसायला वेळ घेतात, तेव्हा असे होते. रुग्ण घाबरतो. पण अनेकदा हे पेशी पुन्हा वाढत असल्याचे लक्षण असते. या काळात फोडणी, भाजलेला मसाला, तळलेले पदार्थ टाळून दही-भात, थंड किंवा कोमट साधे अन्न घेतले तर खाणे सुसह्य होते.

लक्ष देणे हाच उपाय

हेलनबाईंनी गरजेपोटी केले तेच आता उपचार म्हणून सांगितले जाते. जर्मनीतील ड्रेस्डेन इथले प्रा. थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये वासाच्या सरावाची पद्धत मांडली. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास, सकाळी एकदा आणि रात्री एकदा, किमान बारा आठवडे घ्यायचे. घरी हे सहज जमते. चार छोट्या बाटल्यांत कापसावर गुलाबाचे अत्तर, लिंबाच्या सालीचा रस, लवंगेचे तेल आणि निलगिरीचे तेल थेंब-दोन थेंब घ्यावे. एकेक बाटली नाकाजवळ धरून दहा-पंधरा सेकंद हलकेच हुंगावी आणि तो वास पूर्वी कसा होता हे मनात आठवावे. मग थोडे थांबून दुसरी घ्यावी. काही येत नसले तरी सराव सोडू नये. निलगिरीचा गारवा जाणवला म्हणजे वास आला असे समजू नये, कारण तो गारवा चेहऱ्याची वेगळी नस सांगते. तेल नाकात घालू नये.

या सरावाने प्रत्येकाचा वास परत येतोच असे नाही. पण खर्च जवळजवळ नाही, धोका नाही आणि पुष्कळांना फायदा होतो. स्टेरॉइडच्या गोळ्या मात्र दुकानातून आणून स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. मधुमेह्यांनी तर मुळीच नाही. २०२१ मध्ये काळ्या बुरशीने महाराष्ट्रात केलेला अनर्थ अजून विसरलेला नाही.

वास येत नाही तोवर घर सांभाळायला हवे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात तीव्र वासाचे रसायन मिसळलेले असते. ते ज्याला कळत नाही त्याने रेग्युलेटर रोज रात्री बंद करावा, शक्य असल्यास गळती ओळखणारा अलार्म बसवावा, उरलेल्या अन्नाचा वास घरातल्या दुसऱ्याला घ्यायला सांगावे. सर्दी नसताना वास गेला, एकाच नाकपुडीचा गेला, डोक्याला मार लागल्यावर गेला, सोबत डोकेदुखी, नाकातून रक्त किंवा अंधुक दिसणे असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला लगेच दाखवावे. सर्दी-ताप बरा होऊन महिना उलटला आणि वास आला नाही तरीही दाखवावे. उतारवयात वास हळूहळू कमी होणे पुष्कळदा वयामुळेच असते. पण काहींमध्ये ती पार्किन्सनच्या आजाराची सुरुवात असते, म्हणून ती तक्रार डॉक्टरांपासून लपवू नये.

पुढची साठ वर्षे

१९०८ च्या त्या पुस्तकानंतर हेलनबाई आणखी साठ वर्षे जगल्या. १९२४ पासून त्यांनी अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंड या संस्थेसाठी काम केले. १९३६ मध्ये सलिव्हनबाई गेल्या. जवळजवळ पन्नास वर्षे ज्या हाताने त्यांच्या तळहातावर जग लिहिले तो हात थांबला. तरी त्या थांबल्या नाहीत. पस्तीसहून अधिक देशांत त्या गेल्या. १९५५ मध्ये, वयाच्या पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी आशियाचा दौरा केला आणि भारतातही आल्या. पंडित नेहरूंच्या चेहऱ्यावरून बोटे फिरवून त्यांनी त्यांना ओळखून घेतले. १ जून १९६८ रोजी कनेक्टिकटमधल्या घरी झोपेत त्यांचे निधन झाले. १९७७ मध्ये मुंबईत बहिऱ्या आणि बहिऱ्या-आंधळ्या मुलांसाठी एक संस्था सुरू झाली. तिला हेलन केलर यांचेच नाव दिले गेले.

अशा मुलांना शिकवताना वासाचा उपयोग आजही केला जातो. साबणाचा वास आला म्हणजे अंघोळीची वेळ, भाताची वाफ म्हणजे जेवण, अमुक तेलाचा वास म्हणजे आपल्या बाई आल्या. डोळे आणि कान शाबूत असलेल्यांना इतक्या बारकाव्याने जगावे लागत नाही. पण आजारातून उठलेल्या माणसाने वास येत नाही असे सांगितले, तर घरच्यांनी ते खरे मानावे. सकाळी चहात आले-गवती चहा टाकताना पेला त्याच्या नाकाशी धरावा आणि काही येते का, ते विचारावे. आज नाही म्हणाला, तर उद्या पुन्हा विचारावे.